पालथा रिपोर्ट

रिपोर्ट हातात आला की घरत मॅडम तो वाचायच्या नाहीत. टेबलावर पालथा घालायच्या आणि त्यावर आपला जेवणाचा स्टीलचा डबा ठेवायच्या. मोकळा सोडला तर कागद उठून बोलायला लागेल, अशी भीती असल्यासारख्या. समोर बसलेल्या आईबापांचा जीव कासावीस व्हायचा. त्या कागदासाठी त्यांनी पोराला सुई टोचून घेतलेली असायची, लाल अक्षरांतले आकडे बघून घरी रडारड झालेली असायची, आणि ही बाई त्यावर डबा ठेवून म्हणणार, "आधी गोष्ट सांगा."

"मॅडम, त्यात सगळं लिहिलंय. दूध, अंडं, गहू, शेंगदाणा..."

"कागद कुठं पळून जात नाही. पोरानं काय खाल्लं, मग काय झालं, ते सांगा. डोळ्यांनी बघितलेलं आधी. ऐकलेलं नंतर, वेगळं."

डॉ. कुसुम घरत लहान मुलांच्या डॉक्टर. पनवेलजवळच्या एका आगरी घरातल्या, बाप मिठागरावर राबलेला. अंगावर सुती साडी आणि पायात खेळाच्या मैदानावरचे पांढरे बूट. साडीखाली ते बूट बघून पहिल्यांदा मला हसू आलं होतं. नंतर त्यांच्या मागून चालायची वेळ आली तेव्हा धाप लागली आणि हसू गेलं.

आमची पहिली भेट माझ्या फजितीनंच झाली. तेव्हा मी औषधं खपवत दवाखाने फिरायचो. टाय लावून त्यांच्यासमोर बसलो आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मॅडम, हे सिरप मुलांच्या सगळ्या ॲलर्जींवर उत्तम चालतं."

"बघितलंत की ऐकलंत?"

"कंपनीनं सांगितलंय."

"म्हणजे ऐकलंत." त्यांनी बाटली मला परत दिली. "आणि सगळ्या ॲलर्जींवर म्हणजे कुठल्या कुठल्या?"

मी "सर्दी" म्हणालो आणि थांबलो. पुढचं कंपनीनं सांगितलं नव्हतं.

काही महिन्यांनी कंपनीनं मला नारळ दिला. त्याच सुमारास मॅडमनी एका धर्मादाय रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक छोटं स्वयंपाकघर मिळवून संशोधन सुरू केलं होतं. पनवेलपासून उरणपर्यंतच्या मुलांत अन्नाची खरी ॲलर्जी कुणाला आहे, कुणाच्या ती नुसती कागदावर आहे, आणि तान्हेपणी असं काय घडतं की एखाद्याच पोराच्या वाट्याला ती येते, हे त्यांना शोधायचं होतं. घरोघर जाऊन माहिती विचारायला माणूस हवा होता. त्यांनी मला बोलावलं.

"बर्वे, तुम्हाला कुणाच्याही घरात शिरून बसता येतं. हा मोठा गुण आहे. आता फक्त गप्प बसायला शिका."

पहिला गुण माझ्यात होता. दुसरा त्यांनी गृहीत धरला, ही त्यांची चूक.

कामाला लागल्या लागल्या मी दिवे लावले. मॅडमचा एक प्रश्न होता, तान्ह्या बाळाला अंगाला काय लावून अंघोळ घालता. त्यांना संशय होता की ज्या बाळांच्या अंगावर इसब असतं, कातडी फुटलेली असते, त्यांच्या अंगात अन्न तोंडाआधी त्या फटींतून शिरत असावं, आणि शरीर त्याला पाहुणा न समजता चोर समजत असावं. मी गावोगाव फिरलो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पेन. विचारायचो, "बाळाला साबण कुठला लावता?" बायका चटकन साबणाचं नाव सांगायच्या. मी लिहून घ्यायचो, चहा घ्यायचो आणि पुढच्या घरी जायचो.

मॅडमनी माझे कागद चाळले.

"बर्वे, या सगळ्या गावात एकही आजी बाळाला डाळीचं पीठ लावत नाही?"

"नाही, मॅडम. लोक सुधारलेत."

"तुम्हाला लहानपणी काय लावायचे?"

"डाळीचं पीठ आणि साय," मी म्हणालो आणि माझा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला.

"तुम्ही साबण कुठला म्हणून विचारलंत. दारात साहेब उभा आहे, त्याला कोण सांगेल की आम्ही पीठ लावतो? तुमचं उत्तर तुम्हीच घेऊन गेलात आणि तुम्हीच परत आणलंत." त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "परत जा. सगळीकडे. या वेळी चप्पल घालून जा आणि नुसतं विचारा, बाळाची अंघोळ कशी असते? मग तोंड मिटा."

गेलो. तोंड मिटून बसलो. आज्या सांगू लागल्या. हरभऱ्याचं पीठ, मसुराचं पीठ, दुधावरची साय, नारळाचं दूध, कुठे तिळाचं तेल, कुठे शेंगदाण्याचं. एका आजीनं तर माझ्याच हाताला पीठ चोळून दाखवलं आणि "तुजी चामरी लय कोरडी हाय" असं निदानही केलं. पिठाचा आणि ॲलर्जीचा खरंच संबंध आहे का, ते मॅडम तेव्हाही छातीठोक सांगत नव्हत्या, आजही सांगत नाहीत. "विचारल्याशिवाय नाही कळणार, आणि नीट विचारल्याशिवाय तर उलटंच कळेल," एवढंच म्हणायच्या.

त्यांचा हा स्वभाव कामापुरता नव्हता. रिक्षावाला म्हणाला, पुढे रस्ता बंद आहे, तर त्याला विचारायच्या, "बघितलास की ऐकलास?" लहानपणी कुणा वैद्यानं त्यांच्या आईला सांगितलं होतं की या पोरीला वांगं सोसणार नाही. त्यांचं सगळं बालपण वांग्याशिवाय गेलं. डॉक्टर झाल्यावर पहिल्या पगारात त्यांनी भरलं वांगं खाल्लं. काही झालं नाही. "बर्वे, सगळं घर भरीत खायचं आणि मी लोणच्याशी भाकर. एका माणसाच्या एका वाक्यावर!" हे सांगताना त्या हसायच्या, पण डब्याचं झाकण जरा जोरात लावायच्या.

यावरून कुणाला वाटेल की ॲलर्जी म्हणजे सगळं थोतांड, असं त्यांचं मत होतं. मलाही तसं वाटायचं. तळोज्याच्या कारखान्यात पाळी करणारा एक बाप आपल्या मुलाला घेऊन आला होता. मुलाचा रिपोर्ट जवळजवळ कोरा. बाप म्हणाला, "शेंगदाणा खाल्ला की ओकतो म्हणतो. नाटकं आहेत. थोडा थोडा भरवला की सवय होईल." मीही बापाच्या बाजूनं मान हलवली. मॅडमनी रिपोर्टावर डबा ठेवून गोष्ट ऐकली. चिक्कीचा तुकडा, लगेच ओठ जाड, मग खोकला, मग उलटी. दोनदा तसंच. त्यांनी मुलाला दाखल करून घेतलं, सगळी तयारी हाताशी ठेवली आणि शेंगदाण्याचा नखाएवढा अंश दिला. थोड्या वेळात पोराचा आवाज बसला. मी काय करावं म्हणून स्वतःची चप्पल शोधत होतो. तोवर मॅडमनी मांडीत इंजेक्शन देऊन पोराला आडवं निजवलंही होतं. पोरगा सावरल्यावर त्या बापाकडे वळल्या. "कागद गप्प होता, पण गोष्ट ओरडत होती. हा प्रयोग घरी करायचा नाही. कधीच नाही." मग त्यांनी त्याला इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवलं, तो न चुकता करून दाखवीपर्यंत सोडलं नाही.

आता माझ्या खऱ्या पदाविषयी. ही जी खाऊ घालून बघायची परीक्षा असते, तिच्यात एक अडचण आहे. मुलाला कळलं की आज ते खाणं आहे, तर भीतीनंच त्याच्या पोटात दुखतं. आईला कळलं तर ती रडते. डॉक्टरला कळलं तर त्याला नसलेलं पुरळ दिसतं. म्हणून दोन वेगवेगळ्या दिवशी एकसारखी दिसणारी खीर द्यायची. एका दिवशी तिच्यात ते अन्न लपवलेलं, दुसऱ्या दिवशी नुसती खीर. कुठल्या दिवशी काय, हे मुलाला, आईला, डॉक्टरलाही माहीत नसतं. फक्त खीर करणाऱ्याला माहीत. तो मी.

मी बर्वे. सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नाही. मला मॅडमनी कोलंबीची पूड खिरीत लपवायला बसवलं. घरी बायकोनं फर्मान काढलं, रुग्णालयातून आलात की आधी न्हाणीघर. आणि ज्यांच्यापासून लपवायचं ते कोण, तर कोळीवाड्यातले लोक! त्यांच्या नाकापुढे माझी वेलची काय टिकणार? मी आलं घातलं, कोको घातला, पुदिना घातला, बर्फात थंड केली. आमच्या वॉर्डातल्या आयाबाई लांबूनच म्हणाल्या, "सोडे हायत ना त्यात?"

मी हात टेकले. मॅडमनी नाही टेकले. म्हणाल्या, "वास लपत नसेल तर दोन्ही दिवस वास करू." तेव्हापासून परीक्षेच्या दोन्ही दिवशी खोलीबाहेर सोड्यांचा डबा झाकण किलकिलं करून ठेवला जाऊ लागला. सोडे म्हणजे वाळवलेली कोलंबी. अख्खा मजला दरवळायचा. खालच्या मजल्यावरून तक्रारी आल्या. मॅडमनी त्याही पालथ्या घातल्या.

वासाचा प्रश्न सुटला, पण माझा सुटला नव्हता. एका मुलाची परीक्षा चालू असताना मी खोलीत जाऊन वाटी उचलली आणि सवयीनं चमचा चाटला. खीर वाया घालवायची नाही, हे आमच्या घरचं वळण. मुलाची आजी कोपऱ्यात बसली होती. ती टाळी वाजवून ओरडली, "बामनानं खाल्लंन! आज यात म्हावरं नाय!"

ती परीक्षा तिथंच संपली. बरोबरच होतं तिचं. संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "बर्वे, दुसरीकडे हे गुपित बंद पाकिटात ठेवतात. आपल्याकडे पाकीट तुम्ही आहात. आज पाकिटानं स्वतःला फोडून घेतलं. इथून पुढे उरलेलं दोन्ही दिवस ओतून द्यायचं. खोलीत पाऊल टाकायचं नाही, तुमचा चेहरा म्हणजे शाळेचा फळा आहे. आणि मी विचारीपर्यंत तुम्हाला काही माहीत नाही."

रिद्धी आली ती यानंतर.

उरणच्या बाजूच्या कोळीवाड्यातली पोर, दुसरीत शिकणारी, अंगानं काडी. आई सुरेखा, बाजारात मासे विकणारी. बाप होडीवर. बरोबर सुरेखाची थोरली बहीण निर्मला, ती कामोठ्यात राहणारी. पोर मावशीचा पदर धरून होती आणि आई दोन हात लांब बसली होती. मला ते विचित्र वाटलं. मला जे विचित्र वाटतं ते मी लगेच विचारतो, त्यामुळे विचारलं.

रिद्धी म्हणाली, "आईच्या हाताला मासा असतो."

एका हळदीला कोलंबी खाऊन पोरीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. तिला दमा होताच. कुठेतरी रक्त तपासलं, कागदावर कोलंबीसमोर मोठा आकडा आला, आणि कुणीतरी बजावलं की मासळीच्या घरात पोर ठेवू नका. दारात सुकत घातलेले बोंबील, ओट्यावर जवळा, कपड्यांना वास. पोर कुठे ठेवणार? कामोठ्याला, मावशीच्या फ्लॅटमध्ये. सुरेखा बाजार उरकून यायची, बहिणीकडे आंघोळ करायची, लुगडं बदलायची आणि तरी पोरीला जवळ घ्यायला भ्यायची. पोरगीही तिच्याजवळ जायची बंद झाली होती.

मॅडमनी डबा कागदावर ठेवला. "आधी गोष्ट."

गोष्ट मी आधीच लिहून घेतली होती, असं मी अभिमानानं सांगितलं. माझा प्रश्न होता, कोलंबी खाल्ल्यावर पुरळ आलं ना? उत्तर होतं, हो. मॅडमनी माझा कागदही पालथा घातला आणि नव्यानं सुरुवात केली. हळदीच्या आधी पोर कशी होती? तापली होती. किती? दोन दिस अंगारासारखी. औषध? दिलं होतं कायतरी. त्याआधी कोलंबी खाल्ली होती? सुरेखा पहिल्यांदाच हसली. "बाय, दात आलं तवापासून खाते. उष्टावनालाच तिच्या आज्यानं कालवण चाटवलं."

"मग तेव्हा काही?"

"काय नाय."

मॅडमनी तिला समजावलं. गादीच्या धुळीत एक डोळ्यांना न दिसणारा किडा असतो. दम्याच्या पुष्कळ मुलांचं त्याच्याशी वाकडं असतं. त्या किड्याचं आणि कोलंबीचं दूरचं नातं आहे, रक्ताची तपासणी कधी कधी एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव सांगते. आणि ताप आलेल्या मुलांच्या अंगावर नुसत्या तापानंही गांधी उठतात.

"म्हंजे पोरीला कोलंबीचं कायच नाय?" निर्मलानं विचारलं.

"ते मी म्हटलं नाही. असेलही. म्हणून तर खाऊ घालून बघायचं. इथं, माझ्या डोळ्यांसमोर."

सुरेखानं एकच विचारलं. "चांगलं निघालं तर पोर घरी नेऊ?"

"चांगलं निघालं तर घरी ने."

पहिला दिवस ठरला. मी खीर केली. त्या दिवशी नुसती खीर, तिच्यात काही नव्हतं. ते फक्त मला माहीत. बाहेर सोड्यांचा डबा दरवळत होता. मी स्वयंपाकघरात दार लोटून बसलो. पलीकडून मॅडमचा आवाज यायचा, सापशिडी चालली होती. आधी थेंबभर खीर, मग थोडी जास्त, मग आणखी. मग सोंगटी पडल्याचा आवाज आला आणि रिद्धी म्हणाली, "गला खाजतंय."

मग पोटात दुखतंय. मग रडणं. सुरेखाचंही रडणं. मॅडमचा शांत आवाज, जीभ दाखव, श्वास घे, हात बघू. पुरळ नव्हतं, सूज नव्हती, छाती साफ होती. पण पोर गळा धरून बसली होती, आणि मॅडमनी खीर थांबवली.

दार ढकलून निर्मला माझ्याकडे आली. "बर्वेसायेब, तुमीच बनवता ना? खरं सांगा, कोलंबीच होती ना?"

मी आयुष्यात कधी गप्प बसलेलो नाही. मयताला गेलो तरी मी काहीतरी बोलून येतो. आणि इथे माझ्या घशाशी एकच वाक्य अडकलं होतं, 'अहो मावशी, काही नव्हतं हो त्यात!' ते सुटलं असतं तर पलीकडचं रडणं तिथल्या तिथे थांबलं असतं. पण मग पुढच्या दिवशी काय आहे ते सगळ्यांना कळलं असतं आणि परीक्षा मातीत गेली असती. समोर उरलेल्या खिरीचं पातेलं होतं. एक चमचा तोंडात घातला असता तर बोलायचीही गरज नव्हती. माझ्या चमच्याला काय किंमत आहे हे मला कळलं होतं.

मी पातेलं मोरीत ओतलं, तिच्याकडे पाठ केली आणि भांडी घासायला लागलो. घासलेली भांडी परत घासली.

"सांगत नाय म्हंजे होतीच," निर्मला म्हणाली आणि गेली.

बाहेर निघायची तयारी झाली. निर्मलानं पिशवी उचलली. "बाय, पोरीला तरास नको. आमी परत नाय येणार. माज्याकडं हाय ती चांगली हाय."

मॅडम शहरी भाषेत बोलत होत्या, त्या एकदम घरच्या भाषेत उतरल्या. राग आला की किंवा फार जवळचं बोलायचं असलं की असं व्हायचं.

"निर्मला, बस खाली. आज पोरीला काय दिलं, म्हायत हाय तुला?"

"कोलंबीच असल."

"असल का हाय?"

निर्मलानं पिशवी खाली ठेवली.

"तुला म्हायत नाय. मला नाय. तिच्या आयशीला नाय. कुणालाच म्हायत नसताना पोर जलमभर आयशीपासून दूर ठेवायची? आनि उद्या कुनी म्हटलं कोलंबी चालते, तर तसंच न बघता खायला घालशील? दोनी बाजूंनी पोरच मरतंय. कोलंबीची ॲलर्जी निघाली, तर मी सोता सांगन, नेऊ नको घरी. पन मला बघून सांगू दे."

"आनि परत गला धरलंन तर?"

"तर मी हाय ना हितं. आज होते, तशी."

सुरेखा इतका वेळ दाराशी उभी होती. तिनं पोरीच्या केसांकडे हात नेला आणि मधेच मागे घेतला. मग म्हणाली, "आमी येतो, बाय."

दुसरा दिवस उजाडला. खिरीत कोलंबी होती. मी मापून, दोनदा बघून घातली. त्या दिवशी मला स्वयंपाकघरात बसवेना. पोरीला खरंच काही झालं तर? तळोज्याच्या त्या पोराचा बसलेला आवाज कानात होता. पलीकडे पुन्हा सापशिडी. थेंब, मग चमचा, मग वाटी. मॅडम पोरीला एकदाही मुद्दाम जिंकू देत नव्हत्या, त्यावरून भांडण चाललं होतं. "तुमी चीटिंग करता!" रिद्धी ओरडली. तो आवाज चांगला खणखणीत होता. मी दाराला कान लावून उभा होतो. वाटी संपली. मग नुसतं थांबायचं होतं. दुपार कलली. पोर कंटाळून झोपली, उठली, भूक लागली म्हणाली.

मॅडमनी तिला पुन्हा तपासलं. मग दार उघडून मला हाक मारली. मी किती दिवसांनी त्या खोलीत पाऊल टाकत होतो. सुरेखा, निर्मला, मॅडम, तिघी माझ्याकडे बघत होत्या.

"आता बोला, बर्वे."

आणि मला बोलता येईना. इतके दिवस घशाशी बसलेलं वाक्य, तोंड उघडलं तर आवाजच नाही. मी रिकाम्या वाटीकडे बोट दाखवलं.

"काय?" निर्मला म्हणाली. "तोंडानं बोला की!"

"आज," मी म्हणालो. "आज होती. कोलंबी आज होती. त्या दिवशी काहीच नव्हतं. नुसती खीर."

रिद्धीनं विचारलं, "आज मी म्हावरं खाल्लं?"

"खाल्लंस," मॅडम म्हणाल्या. "वाटीभर. आणि तरी सापशिडीत हरलीस."

सुरेखानं पोरीकडे धाव घेतली आणि सवयीनं अर्ध्यावर थांबली. दोन्ही हात वर धरून बेसिनकडे वळली. मॅडमनी तिचं मनगट धरलं. "हात जेवायला धुवायचे. पोरीला घ्यायला नाय धुवायचे." रिद्धीनं आईच्या हाताचा वास घेतला, नाक मुरडलं, आणि मग त्याच हातात तोंड खुपसलं. निर्मला खिडकीतून बाहेर बघत राहिली. इतके दिवस पोर तिच्या घरी होती, तिचंही घर आता रिकामं होणार होतं. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात शेवटची पायरी झाली. उघड, काही न लपवता. सुरेखानं घरून कोलंबीचं कालवण आणलं आणि मॅडमच्या समोर पोरीला स्वतःच्या हातानं भरवलं. पोर घरी गेली. जाताना मॅडमनी दटावलं, "दमा खरा हाय. औषध चुकवायचं नाय. गादी उन्हात घालायची."

संशोधनाचं इथलं काम संपलं तसं मॅडमनी खाली कोकणात काजूच्या पट्ट्यात जायचं ठरवलं. तिकडच्या पोरांना काजू बाधतो म्हणतात, बघितलंय कुणी? मी पनवेलच्या एसटी स्टँडवर त्यांना पोचवायला गेलो. हातात एक बॅग, तो स्टीलचा डबा, पायात तेच बूट. गाडी लागली, त्या खिडकीशी बसल्या. मी खाली उभा राहून, कितीतरी दिवस विचारायचं राहिलेलं विचारलं.

"मॅडम, रिद्धीच्या वेळी. पहिल्या दिवशी तुम्हाला काय वाटलं होतं?"

"सकाळपर्यंत वाटत होतं, हिला काही नाही. पोरीनं गळा धरला आणि माझी खात्री झाली. कोलंबी त्याच दिवशी होती, आणि पोर घरी जात नाही."

मला धक्काच बसला. निर्मलाला खाली बसवणारी, घरच्या भाषेत भांडणारी ती बाई मी पाठमोरा भांडी घासत ऐकली होती. तिला सगळं माहीत आहे असंच वाटलं होतं.

"मग दुसऱ्या दिवशी कशाला बोलावलंत त्यांना? एवढं भांडून?"

कंडक्टरनं घंटी ओढली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, पहिल्या दिवशी सिरपच्या बाटलीकडे बघितलं होतं तसं.

"खात्री झाली होती ना, बर्वे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच."